टक्-टक् कशाची? : सुरू न होणारी गाडी आणि आपलं अनुमान



जऊळक्यात बोलायचं ठरलं तेव्हा विषय काय घ्यावा, असा प्रश्न आम्हाला पडला नाही. विषय गेल्या हिवाळ्यात आमच्याच अंगणात येऊन उभा राहिला होता. आम्ही पस्तीस-एक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. अनुमान म्हणजे काय, हेतू खरा कोणता, हेत्वाभास कोणता, हे फळ्यावर लिहिलं, विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतलं, चुकलेल्यांचे गुण कापले. आणि एका पहाटे एका चारचाकीनं आमचेच गुण कापले. त्या पहाटेची गोष्ट आज सांगणार आहोत. गोष्ट गाडीची आहे आणि विचार करण्याचीही. दोन्ही आपण एकत्रच पाहू. गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री आणि न्यायशास्त्र शिकवणारा मास्तर यांचा धंदा एकच असतो: दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या कारणाकडे जाणं.

आधी घटना. जानेवारीची पहाट, साडेचार वाजले असतील. शेजारची सून दार वाजवत होती. "सर, मामाजींच्या छातीत लय दुखून रायलं. गाडी काढता का?" आमचे शेजारी आमच्याहून चार वर्षांनी लहान, रोज शेतापर्यंत पायी जाऊन येणारे. आम्ही स्वेटर चढवला, किल्ली घेतली, गाडीत बसलो, किल्ली फिरवली. टक्-टक्-टक्-टक्. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. इंजिन काही हलेना.

आम्ही म्हणालो, बॅटरी. अगदी ठामपणे म्हणालो. लगेच आठवलं की बॅटरी तर दिवाळीत नवी टाकली आहे. तेव्हाही गाडी अशीच टक्-टक् करत होती. दुकानदारानं सांगितलं, बॅटरी गेली. आम्ही नवी टाकली आणि गाडी चालू झाली. म्हणजे आमच्याकडे पुरावा होता! आता नवी बॅटरीही उतरली असेल, रात्री दिवा चालू राहिला असेल, असं धरून आम्ही गल्लीतल्या एका मुलाची जीप बोलावली. जंपरच्या वायरी लावल्या, लाल लालला आणि काळी काळ्याला. तरी टक्-टक्. मग आम्ही निकाल बदलला, पण ठामपणा तोच ठेवला: सेल्फ जळला. धक्का मारून पाहावा तर गाडी उताराच्या उलट तोंडानं उभी होती आणि अंगणात माणसं दोनच.

या सगळ्यात चाळीस मिनिटं गेली. शेवटी कुणीतरी १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका आली, त्यांना घेऊन गेली. ते वाचले, आज आहेत. पण डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं की लवकर आणलं असतं तर हृदयाचा जास्त भाग वाचला असता. शेतापर्यंत जाणारा माणूस आता ओट्यापर्यंत येतो. हे आम्ही रोज पाहतो. म्हणून हा विषय आमच्यासाठी गमतीचा नाही.

सकाळी दहाला मिस्त्री आला. बोनेट उघडलं, किल्ली फिरवायला सांगितली, आवाज ऐकला, बॅटरीपाशी हात लावून पाहिला. मग एकच जंपरची वायर घेतली. तिचं एक टोक बॅटरीच्या काळ्या खांबाला लावलं, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या धातूला. "मारा सेल्फ." गाडी एका झटक्यात सुरू. आम्ही नुसते पाहत राहिलो. तो म्हणाला, "सर, बॅटरी चांगली हाये, सेल्फ बी चांगला हाये. करंट जाते बरोबर, पण वापस येऊन नाई रायला. तुमी काहून बॅटरीच्या मांगं लागले?"

दोन मिनिटं लागली त्याला.

आता हे समजून घेऊ.

आवाज नक्की कोण करतं?

किल्ली फिरवली की गाडीत दोन वेगवेगळे प्रवाह सुरू व्हायचे असतात, एक लहान आणि एक प्रचंड. लहान प्रवाह किल्लीकडून एका बारीक वायरीनं सेल्फवर बसवलेल्या सोलेनॉइडकडे जातो. सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं आणि त्यात सरकणारा लोखंडी दांडा. वीज आली की वेटोळं चुंबक बनतं आणि दांडा आत ओढला जातो. तो दोन कामं करतो. सेल्फचं छोटं दातेरी चाक पुढे ढकलून इंजिनच्या मोठ्या चाकात अडकवतो, आणि दुसऱ्या टोकाला तांब्याचे दोन जाड संपर्क जोडतो. ते जोडले की बॅटरीतून सेल्फच्या मोटरीत मोठा प्रवाह जातो. दांडा आत आपटतो तो आवाज म्हणजे "टक्".

म्हणजे टक् ऐकू आलं, तर किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतचं बरंचसं ठीक आहे, एवढं कळतं. गाडी काहीतरी बोलते आहे. ती पूर्ण मेलेली नाही.

मग टक्-टक्-टक् असं पुन्हा पुन्हा का? सोलेनॉइडमध्ये दोन वेटोळी असतात. एक दांडा खेचणारं, ते जोरदार. दुसरं धरून ठेवणारं, ते हलकं. दांडा आत जातो, जाड संपर्क जुळतात, मोटर एकदम मोठा प्रवाह ओढू लागते. वाटेत कुठे कमजोरी असेल तर त्याच क्षणी सोलेनॉइडला मिळणारा दाब कोसळतो. धरून ठेवणाऱ्या वेटोळ्यात दम राहत नाही, दांडा सुटून मागे येतो. संपर्क तुटला की ओढ थांबते, दाब पुन्हा वर येतो, दांडा पुन्हा आत. सेकंदात कित्येकदा हे चालतं.

तर या आवाजाचा नेमका अर्थ इतकाच: ओझं आलं की सोलेनॉइडपाशी दाब कोसळतो. तो का कोसळतो, हे आवाज सांगत नाही. बॅटरीतच दम नसेल म्हणून, किंवा बॅटरीत भरपूर असूनही वाटेत अडथळा असेल म्हणून. दोन्ही वेळा आवाज तोच. आमची गल्लत इथेच झाली.

दिवे लागतात, म्हणजे बॅटरी ठीक?

उलट चूक करणारेही पुष्कळ भेटतात. "दिवे लखलखीत लागतात, मग बॅटरी कशी खराब असेल?" हा खास हेत्वाभास आहे. न्यायशास्त्रात त्याला सव्यभिचार म्हणतात. म्हणजे असा हेतू, जो साध्य असेल तिथेही सापडतो आणि नसेल तिथेही सापडतो. आकडे पाहिले की पटेल.

गाडीच्या आतल्या पाच वॉटच्या दिव्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. पुढच्या दोन जुन्या पद्धतीच्या हॅलोजन दिव्यांना मिळून साधारण दहा अँपिअर लागतात. आणि सेल्फला? लहान पेट्रोल गाडीलाही शंभर-दीडशे अँपिअर, डिझेलला त्याहून बरेच जास्त. घरातल्या नळाला धार येते, म्हणून त्याच पाइपावर शेताचं ओलित होईल असं कुणी म्हणत नाही. दिव्यावरून सेल्फची परीक्षा घेणं तसलंच आहे.

आता अडथळ्याचं गणित. समजा, काळ्या वायरीच्या टोकाशी गंजामुळे ०.०५ ओहम एवढा बारीकसा रोध तयार झाला. दिव्यांचे दहा अँपिअर त्यातून गेले तर दाब कमी होतो दहा गुणिले ०.०५, म्हणजे अर्धा व्होल्ट. दिव्यांना ते जाणवतही नाही. सेल्फ दीडशे अँपिअर ओढू पाहतो तेव्हा त्याच जागी साडेसात व्होल्ट खर्ची पडू लागतात. बारातून साडेसात गेले, उरले साडेचार. तेवढ्यात ना मोटर फिरते, ना दांडा टिकतो. टक्-टक्-टक्. आमच्या गाडीत हेच घडत होतं. काळी वायर ज्या चिमट्यात शिरते तिथे ती आतून हिरवी पडली होती. वरून सगळं ठाकठीक दिसत होतं.

आणि दिवाळीत नवी बॅटरी टाकल्यावर गाडी सुरू का झाली होती? बॅटरी बदलताना दुकानदारानं तो चिमटा काढला, हलवला, घासला, पुन्हा आवळला. त्या हालचालीत आतले धागे पुन्हा भिडले. गाडी सुरू झाली ती चिमटा हलल्यामुळे, आणि श्रेय मिळालं बॅटरीला. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की कोणत्या गोष्टीनं गुण आला ते कळत नाही. औषध आणि अंगारा एकाच दिवशी दिला तर ताप कशानं उतरला, हे कोण सांगणार? जॉन स्टुअर्ट मिल यानं १८४३ साली तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात कारण शोधायच्या पद्धती मांडल्या, त्यातली भेदाची पद्धत हेच बजावते: दोन प्रसंगांत एकाच गोष्टीचा फरक असू द्या. आपल्याकडे याला व्यतिरेक म्हणतात.

नदीचा पूर

आता दोन हजार वर्षांच्या आसपास मागे जाऊ. न्यायसूत्रं गौतमाच्या नावावर आहेत. त्यात अनुमानाचे प्रकार सांगितले आहेत आणि त्यावरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात एक उदाहरण आहे: नदीला पूर आलेला दिसला की वर डोंगरात पाऊस झाला असं कळतं. कार्यावरून कारणाकडे. आम्ही हे उदाहरण वर्षानुवर्षं शिकवलं.

गंमत पुढे आहे. दुसऱ्या अध्यायात स्वतः सूत्रकारच आक्षेप उभा करतात की हे अनुमान खोटं ठरू शकतं. नदी फुगली ती खाली कुणी बांध घातल्यामुळेही असेल! पाऊस कशावरून? मग उत्तर येतं: नुसतं पाणी वाढलेलं पाहून आम्ही पाऊस म्हणत नाही. विशेष प्रकारचं वाढलेलं पाणी पाहतो. ओढ वाढलेली, फेस आलेला, फांद्या-पाचोळा वाहून येतो आहे. बांधामुळे तुंबलेलं पाणी असं नसतं. जो नुसत्या वाढीवरून अनुमान करतो, चूक त्याची आहे, अनुमानाची नाही.

आम्ही हे हजार वेळा शिकवलं आणि त्या पहाटे नुसत्या वाढलेल्या पाण्यावरून "पाऊस" म्हणून मोकळे झालो.

याच शास्त्रात संशयाची व्याख्याही फार नेमकी आहे. दोन गोष्टींतला समान धर्म दिसतो आणि त्यांना वेगळं करणारा विशेष धर्म दिसत नाही, तेव्हा मनाची जी दोलायमान स्थिती, तो संशय. अंधारात समोर काहीतरी उभं आहे. खांब की माणूस? उंची दोघांनाही असते. हात दिसला की संशय फिटतो. न्यायशास्त्राच्या सोळा पदार्थांच्या यादीत प्रमाण, प्रमेय आणि लगेच तिसरा संशय आहे. संशयाला तिथे मानाची जागा आहे, कारण संशय नसेल तर माणूस तपासायलाच जात नाही. आमची त्या पहाटेची अडचण अज्ञान ही नव्हती. संशय नव्हता, ही होती.

विशेष धर्म कसे शोधायचे

आता कामाचं. वही असेल तर लिहून घ्या. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हे प्रत्येक परीक्षेआधी.

पहिली परीक्षा कानाची. इंजिन घरघर फिरतं पण पेट घेत नाही, तर सेल्फ आणि बॅटरी सोडा. इंधन किंवा ठिणगीकडे पाहा. भराभर टक्-टक्-टक् असेल तर दाब कोसळतो आहे: उतरलेली बॅटरी, सैल किंवा गंजलेलं टर्मिनल, किंवा खराब अर्थ. एकच जोरदार टक् आणि मग शांतता असेल तर दांडा आत जाऊन टिकला, पण मोटर फिरत नाही: सोलेनॉइडचे संपर्क जळालेले, मोटरीचे कार्बन झिजलेले, मोटर किंवा इंजिनच अडकलेलं. काहीच आवाज नाही तर लहान प्रवाहाचा रस्ता तुटला आहे: फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच, क्लचचा किंवा गिअरचा सुरक्षा स्विच, नाहीतर बॅटरी साफ मेलेली.

दुसरी परीक्षा डोळ्याची. पुढचे दिवे लावून सेल्फ मारा. दिवे विझत आले तर दाब कोसळतोय, म्हणजे बॅटरी किंवा तिच्या टोकांची जोडणी. एकच टक् होऊन दिवे तसेच लखलखीत राहिले तर मोठा प्रवाह मोटरीत शिरतच नाही. संशय सोलेनॉइडच्या संपर्कांवर आणि कार्बनवर. एकच टक् आणि दिवे एकदम मंद, तर मोटर प्रवाह ओढते आहे पण तिला फिरता येत नाही, किंवा बॅटरी कमजोर आहे. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली आणि ती बंद पडली, मग असा एकच ठोका आला, तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी शिरलं असेल तर पाणी दबत नाही, आतला दांडा वाकतो. मिस्त्रीलाच बोलवा.

तिसरी परीक्षा हाताची. गाडी बंद करून टर्मिनलचे चिमटे हातानं फिरवून पाहा. हातानं फिरला तर तो सैल आहे, पान्यानं आवळा. पांढरं-हिरवं फूल आलं असेल तर आधी काळी वायर काढा, मग लाल. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, पॉलिशपेपरनं घासा. जोडताना आधी लाल, शेवटी काळी, वरून थोडं व्हॅसलीन. काळी आधी का? गाडीचा सगळा पत्रा काळ्या टोकाला जोडलेला असतो. लाल सोडवताना पाना पत्र्याला लागला आणि काळी जोडलेलीच असली, तर मोठी ठिणगी उडते. काळी आधीच निघालेली असली तर काही होत नाही. या कामात डोळे सांभाळा, ॲसिड आहे.

चौथी परीक्षा मीटरची. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या शिशाच्या दोन खांबांवर टोकं लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. आता दुसऱ्यानं सेल्फ मारताना पाहा. खांबांवरचाच दाब साडेनऊच्या खाली कोसळला तर दोष बॅटरीत. टक्-टक् चालू असताना खांबांवर बारा टिकून राहिले तर बॅटरी निर्दोष. प्रवाह वाटेत अडला आहे. हा आमचा विशेष धर्म, अंधारातला हात. आमच्या गाडीला मीटर लावला असता तर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता.

पुढचं पाऊल: मीटरचं एक टोक काळ्या खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टाहून जास्त दिसलं तर परतीचा रस्ता, म्हणजे अर्थ, खराब. मीटर नसेल तर आमच्या मिस्त्रीनं केलं ते करा: काळ्या खांबापासून इंजिनपर्यंत एक जाड जंपर वायर. ती असताना गाडी सुरू होते, काढली की होत नाही. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही हातात आले. याहून स्वच्छ सिद्धता आम्ही फळ्यावर कधी लिहिली नाही.

शेवटचा काळा चिमटा

आता जी गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त लागली ती.

जंपर लावायचा एक ठरलेला क्रम आहे. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या लाल खांबाला, मग चांगल्या बॅटरीच्या लालला. काळी चांगल्या बॅटरीच्या काळ्याला. आणि शेवटचं काळं टोक उतरलेल्या बॅटरीला लावायचं नाही. बॅटरीपासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूला लावायचं. कारण असं सांगतात की शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो. तो पेटला तर बॅटरी फुटते. कारण बरोबरच आहे.

आम्हाला हा नियम ऐकून माहीत होता. घाईत आम्ही म्हणालो, काय फरक पडतो, काळी ती काळीच. लावली चिमट्याला.

आता विचार करा. आमच्या गाडीचा दोष चिमटा आणि काळी वायर यांच्या मधे होता. जीपचं काळं टोक इंजिनला लावलं असतं, तर सेल्फमधून आलेला प्रवाह इंजिनच्या धातूतून थेट जीपच्या बॅटरीकडे परतला असता. गंजलेली जागा बाजूलाच राहिली असती. म्हणजे नियमाप्रमाणे वायर लावली असती तर दोष न कळताही गाडी त्याच क्षणी सुरू झाली असती. पावणेपाचला आम्ही रस्त्याला लागलो असतो.

हे आम्हाला सकाळी अकराला, मिस्त्री गेल्यावर, चहा पिताना उमगलं. चहा तसाच राहिला.

एखादा नियम आपल्याला ज्या कारणासाठी सांगितलेला असतो त्याहून जास्त काही त्याच्या पोटात असू शकतं. कारण पटलं नाही तर नियम जरूर तपासावा. पण तपासायची वेळ पहाटे साडेचारची नव्हे.

आपल्या भागाचं ऊन

इथल्या श्रोत्यांसाठी एक वेगळी गोष्ट. बॅटरी थंडीत मरते असा समज आहे. थंडीत तिचं मरण कळतं, एवढंच. तिला मारतं ते ऊन. रसायनशास्त्राचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात अकोला-वाशिमकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि बोनेटखाली त्याहून जास्त. पाणी उडतं, आतल्या जाळ्या गंजतात. जखम उन्हाळ्यातली असते. डिसेंबरात तेल घट्ट होतं, बॅटरीचा जोर घटतो, आणि ती जखम उघडी पडते. आपण थंडीला दोष देतो.

दुसरं, गावातल्या गाड्या उभ्या फार राहतात. घड्याळ, अलार्म, काहीतरी थोडं थोडं खात असतं. शिशाच्या बॅटरीत वीज वापरली गेली की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट जमतं. लगेच भरली तर ते परत विरघळतं. महिनाभर तसंच ठेवलं तर कडक होतं आणि मग चार्जरही काही करू शकत नाही. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवा, जागेवर पाच मिनिटं घुरघुरवून भागत नाही. पाणी भरायच्या बॅटरीत बोअरचं पाणी घालू नका. त्यातले क्षार बसतात. बॅटरीचंच पाणी घाला.

आणि जंपरनं गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरीच खराब असं नाही. इंजिन चालू असताना टर्मिनलवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसलं तर अल्टरनेटर बॅटरी भरतो आहे. बाराच्या आसपास आणि घसरत असेल, तर नवी बॅटरी टाकाल तीही आठवड्यात उतरेल. पट्टा आणि अल्टरनेटर पाहा.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, सेल्फवर पान्यानं ठोकलं की गाडी सुरू होते, ते काय?

उत्तर: होते कधी कधी. मोटरीचे कार्बन झिजून अडकलेले असतात, ठोक्यानं ते पुन्हा टेकतात. एवढ्यानं एक कळलं की दोष मोटरीत आहे. पण तो उपचार नव्हे, निदान आहे. घरी पोचा आणि कार्बन बदला. ठोकताना गाडी न्यूट्रलमध्ये हवी आणि हात पट्ट्यापासून लांब.

प्रश्न: पूर्वी हँडल मारायचे, तेच बरं नव्हतं का?

उत्तर: (हसून) आमच्या लहानपणी जीप-ट्रकला हँडल मारणारे पाहिलेत आम्ही. इंजिन उलटा झटका द्यायचं आणि मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला तो त्यासाठीच. केटरिंगनं त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. त्याच्या ध्यानात आलं होतं की मोटरला क्षणभरच काम करायचं असेल तर लहान मोटरकडूनही मोठा जोर घेता येतो. म्हणून तर सेल्फ दहा सेकंदांहून जास्त मारू नये. तो क्षणभराचा पहिलवान आहे. मधे मिनिटभर थांबा.

प्रश्न: धक्का मारून सुरू झाली तर काय समजायचं?

उत्तर: हाताच्या गिअरची गाडी धक्क्यावर दुसऱ्या गिअरमध्ये सुरू झाली, तर इंजिन, इंधन, ठिणगी ठीक. उरला तो सेल्फ, बॅटरी आणि त्यांच्या वायरी. याला परिशेष म्हणतात: एकेक काढत गेलं की जे उरतं ते. ऑटोमॅटिक गाडीला धक्का चालत नाही.

प्रश्न: सर, त्या पहाटे तुम्ही नेमकं काय करायला हवं होतं?

उत्तर: हा प्रश्न येणारच होता. आधी १०८. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फुकट आहे. गाडी सुरू होवो न होवो, फोन आधी. मग गाडीकडे वळायचं. घरात आग लागली असताना आगीचं कारण शोधत बसायचं नसतं. कारणाचा शोध ही निवांतपणी करायची गोष्ट आहे, आणि निवांतपणी केलीच पाहिजे. दिवाळीत आम्हाला सगळा वेळ होता. तेव्हा दुकानदाराला एवढंच विचारायचं होतं, "बॅटरी गेली हे कशावरून?" मीटर लावून दाखव म्हणायचं होतं. आम्ही पैसे दिले आणि निघालो. चूक जानेवारीत उघडी पडली, झाली होती ती दिवाळीत.

आमचे शेजारी रोज सकाळी ओट्यावर बसतात. आम्ही गाडी काढतो तेव्हा त्यांचं लक्ष असतं. परवा किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, तर तिथूनच हात वर करून म्हणाले, "सर, आज बोलली नाही का ती?" आम्ही म्हणालो, "नाही, पण ऐकायला बसलो होतो."

घरी जाऊन एक काम करा. आपल्या गाडीचं बोनेट उघडा, काळी वायर बॅटरीपासून कुठे कुठे जाते ते बोटानं शोधा. आणि जंपरच्या वायरी डिकीत ठेवाल, तेव्हा शेवटचा काळा चिमटा कुठे लावायचा, ते घरातल्या पोरांना आजच दाखवून ठेवा.